गिऱ्हाईक विनामास्क, दंड मात्र दुकानदाराला?

तागडी | २९ नोव्हेंबर २०२१, रात्री १०.४०

शनिवारचा (२७ तारखेचा) राज्य सरकारचा आदेश सगळ्यांनी वाचला असेल. विनामास्क सापडलेल्या माणसाला ५०० रुपये दंड, इथवर ठीक आहे. पण तो माणूस दुकानात सापडला तर त्याच्या ५०० शिवाय दुकानाला १०,०००. दुकानानेच नियम मोडले तर ५०,०००. वर एक वाक्य आहे, ते वाचून बाबा दोन दिवस हसतायत: रुमाल हा मास्क समजला जाणार नाही, रुमाल बांधणाऱ्यालाही दंड होईल.

आमचं सातारा जिल्ह्यातल्या एका बाजारगावात किराणा-भुसारचं दुकान आहे, आजोबांच्या वेळेपासून. मी पुण्यात नोकरी करायचे, घरून काम सुरू झाल्यापासून गावीच आहे. सकाळी दोन तास काउंटरला बसते.

आज आठवडी बाजार. एक अण्णा आले. टॉवेल नाकावरून गुंडाळलेला, अगदी घट्ट. आता मला सांगा, हा रुमाल का टॉवेल? आदेशात टॉवेलाबद्दल काही नाही. बाबा म्हणाले, "अण्णा, तेवढा मास्क लावत जावा की." अण्णांनी टॉवेल खाली ओढला (!) आणि विचारलं, "का रं, मला काय झालंय व्हय?" बाबा गप्प. कारण अण्णांची चौदा हजार उधारी आहे, उसाचं बिल आलं की फेडतात, वीस वर्षं फेडतायत. त्यांना दारातून परत पाठवलं तर ते पलीकडच्या गल्लीत जाणार. तिथे कोणी काही विचारत नाही.

मार्चमध्ये पथक आलं होतं. एक शाळकरी पोरगं बिस्किटाचा पुडा घ्यायला पळत आलेलं, मास्क घरी. त्याचा फोटो काढला आणि हजाराची पावती आमच्या नावावर. पुडा पाच रुपयांचा.

मास्क असावा का नसावा यावर वाद नको. (होणारच आहे, माहितीये.) मला एवढंच विचारायचंय की दुकानात सांगायचं कोणी, आणि ऐकलं नाही तर करायचं काय? तुम्ही गिऱ्हाईक म्हणून काय बघता?

---

खटपट्या | २९ नोव्हेंबर २०२१, रात्री ११.०५

ताई, राग मानू नका, पण दंड दुकानदारालाच हवा. मी औषधाच्या दुकानात नोकरी करतो. गिऱ्हाइकाला ५०० लावले की ते पथकाशी भांडत बसतं. दुकानाला दहा हजार लावले की मालक दारातच उभा राहतो. २००८ला सार्वजनिक जागी सिगारेटबंदी आली तेव्हाही हॉटेलमालकावर जबाबदारी टाकली होती. तेव्हा मालक असाच ओरडले. आज हॉटेलात कोणी ओढतं का?

---

तागडी | २९ नोव्हेंबर २०२१, रात्री ११.२०

खटपट्या, औषधाच्या दुकानात माणूस गरजेने येतो, तुम्ही सांगाल ते ऐकतो. तुमच्याकडे कोणी "पलीकडून घेतो" म्हणत नाही, निदान रात्री अकराला तरी नाही. आणि सिगारेट ओढणाऱ्याला "बाहेर जाऊन ओढा" म्हणता येतं. अण्णांना काय सांगू, बाहेर जाऊन श्वास घ्या?

---

शनिवारवेस | २९ नोव्हेंबर २०२१, रात्री ११.५८

पॉपकॉर्न घेऊन बसणार होतो, पण राहवलं नाही.

पहिल्यांदा स्पष्ट करतो, मी मास्क लावतो. लसीचे दोन्ही डोस झालेत. तरी मला या सगळ्याचा वैताग आहे, आणि वैताग आहे म्हणून मला अडाणी म्हणायचं काम नाही.

२०२०च्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटना म्हणत होती की निरोगी माणसाने मास्क लावायची गरज नाही. ५ जून २०२०ला म्हणाली, गर्दीत सगळ्यांनी कापडी लावा. इकडे मुंबईत एप्रिलमध्येच सक्ती झाली होती. ठीक आहे, माहिती वाढली, सल्ला बदलला. मग "आम्हाला नक्की माहीत नव्हतं" असं एकदा तरी म्हणा की! ते कोणी म्हणत नाही. थेट पावतीपुस्तक काढतात.

दुसरं, हॉटेल. दारापासून टेबलापर्यंत मास्क. टेबलावर बसलात की उतरवा, दीड तास मिसळ खा, गप्पा मारा, हसा, खोका. उठलात की परत मास्क, कारण दारापर्यंत आठ पावलं चालायचंय. हे बघून माझ्या नऊ वर्षांच्या पुतणीने विचारलं, बसल्यावर विषाणू झोपतो का?

तिसरं, साथरोग कायदा १८९७चा आहे. पुण्याच्या माणसाला १८९७ म्हटलं की काय आठवतं ते सांगायला नको. घरात घुसून झडत्या घेणारे गोरे शिपाई. तेव्हाही हेतू चांगलाच होता म्हणे.

---

लेस्टरकर | ३० नोव्हेंबर २०२१, पहाटे ४.१५

आमच्याकडे अजून रात्र आहे, उद्याची तयारी करून आत्ता टेकलो.

योगायोग बघा, इंग्लंडमध्ये उद्यापासून (तुमच्या तारखेने आजपासून) दुकानांत मास्क परत सक्तीचा होतोय, ओमिक्रॉनमुळे. पहिल्यांदा २४ जुलै २०२०ला आला होता, यंदा १९ जुलैला उठवला, आता पुन्हा. पहिल्या वेळी सापडलात तर २०० पौंड. पब आणि रेस्टॉरंटला मात्र लागू नाही, त्यामुळे शनिवारवेस, तुमच्या पुतणीचा प्रश्न इथेही विचारता येईल.

मी एका गुजराती काकांच्या दुकानात शनिवार-रविवार मदत करतो. लेस्टरला २०२०च्या जूनअखेरीस देशातलं पहिलं स्थानिक लॉकडाऊन लागलं होतं, बाकी इंग्लंड उघडत असताना आम्ही परत बंद. त्यामुळे आमच्या भागात लोक मास्क निमूट लावायचे. १९ जुलैनंतरची गंमत सांगतो. पहिल्या आठवड्यात प्रत्येक जण दारात थांबून आधी आत कोणी लावलाय का ते बघायचा. आत चार जणांनी लावलेला असला की खिशातून काढून लावायचा. कोणी लावला नसेल तर खिशातला खिशात. कायदा गेला होता, पण लोक एकमेकांकडे बघून ठरवत होते.

इथे वैद्यकीय कारण असेल तर सूट आहे आणि कागद दाखवावा लागत नाही. "आय ॲम एक्झेम्प्ट" एवढं म्हटलं की झालं. काही जण सूर्यफुलाची हिरवी पट्टी गळ्यात घालतात, म्हणजे बाहेरून न दिसणारा आजार किंवा अपंगत्व आहे. काकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, विचारायचं नाही, माल द्यायचा, थँक्यू म्हणायचं. एकदोन मोठ्या साखळी दुकानांनीही जाहीर केलंय की आमची माणसं गिऱ्हाइकांना टोकणार नाहीत, ते पोलिसांचं काम. दुकानदाराला दहा हजारांचा दंड म्हणजे हे बरोबर उलट झालं.

---

फडताळ | ३० नोव्हेंबर २०२१, सकाळी ७.३०

वाचतेय. आमच्या कॉलनीतल्या दुकानात "मास्क नाही तर सामान नाही" अशी पाटी आहे. पाटीखाली मालक बसतात, मास्क हनुवटीला. दाढीला लागण होऊ नये म्हणून असावा.

---

तागडी | ३० नोव्हेंबर २०२१, सकाळी ८.०२

फडताळ, आमच्या बाबांचाही हनुवटीलाच असतो. :) कारण विचाराल तर, "अर्धा किलो तूरडाळ" हे मास्कमधून "अर्धा किलो चवळी" ऐकू येतं. दोनदा चुकीचा माल बांधला की तिसऱ्यांदा आपोआप खाली जातो. वर काउंटरचा पंखा, तागडीचा आवाज, बाहेर ट्रॅक्टर.

---

मौनी | ३० नोव्हेंबर २०२१, सकाळी ९.४५

एरवी मी इथे फक्त वाचते. हे मात्र लिहावंसं वाटलं.

मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. मशीन आहे, पण खरं काम ओठ वाचूनच चालतं. एप्रिल २०२०पासून माझ्यासाठी सगळी दुकानं मुकी झाली. काउंटरमागचा माणूस डोळ्यांनी काहीतरी विचारतोय एवढं कळायचं. पिशवी हवी का, सुटे आहेत का, कार्ड की रोख, यातलं काहीच कळायचं नाही. मी सगळ्याला मान हलवायचे. एकदा मान हलवून दोन किलो साबुदाणा घेऊन आले.

"जरा मास्क खाली घेता का" असं विचारायची मला लाज वाटायची आणि भीतीही. विचारलं की मागच्या रांगेतल्या बाया माझ्याकडे अशा बघायच्या की मी जणू विषच मागतेय. पारदर्शक खिडकीचे मास्क असतात म्हणे. मला एकाही दुकानात दिसला नाही.

मार्ग काढला तो आमच्या भाजीवाल्याने. रद्दीतल्या कॅलेंडरची पानं कापून त्याने पाठीमागे स्केच पेनने लिहून ठेवलं: "सुटे?", "पिशवी?", "अजून काही?", "कोथिंबीर फुकट". मी आले की तो गठ्ठा काढतो. शेवटचं पान दर वेळी दाखवतोच असं नाही.

---

खटपट्या | ३० नोव्हेंबर २०२१, सकाळी १०.१०

मौनी, हे डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे एक आजोबा येतात, दर वेळी चिठ्ठी पुढे करतात आणि काही बोलत नाहीत. मला वाटायचं तुसडे आहेत.

---

गावठी_डॉक्टर | ३० नोव्हेंबर २०२१, दुपारी २.२०

ओपीडी आत्ता संपली. दोन-तीन मुद्दे, थोडं लांबेल.

शनिवारवेस, तुमचा वैताग समजतो. पण सल्ला बदलण्यामागे दोन कारणं होती. लक्षणं दिसायच्या आधीच माणूस दुसऱ्याला लागण देतो, हे सुरुवातीला पुरेसं कळलं नव्हतं. दुसरं म्हणजे मास्कची टंचाई, डॉक्टर-नर्सनाच मिळत नव्हते. अण्णांचा "मला काय झालंय" हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. सर्जिकल मास्क मुख्यतः समोरच्यासाठी असतो. बोलताना तोंडातून उडणारे थेंब तिथल्या तिथे अडवायचे, हे त्याचं काम. म्हणूनच गेल्या वर्षी जुलैमध्ये केंद्राने पत्र काढलं की व्हॉल्व्हवाले एन-९५ सामान्य लोकांनी वापरू नयेत. असा मास्क आत येणारी हवा गाळतो, पण व्हॉल्व्ह बाहेर जाणारी तशीच सोडतो. लोकांनी मात्र तेच घेतले. महाग म्हणजे चांगला!

रुमालाबद्दल: एकपदरी, सैल, दर दोन मिनिटांनी घसरणारा. आदेशातलं वाक्य हास्यास्पद वाटतं, पण त्यामागचं कारण हास्यास्पद नाही. टॉवेलाचंही तेच, तागडीताई.

आता तुमचा खरा प्रश्न, सांगायचं कोणी. बांगलादेशात यावर मोठा प्रयोग झाला, निष्कर्ष यंदा सप्टेंबरमध्ये आले. ६०० गावं, साडेतीन लाखांच्या आसपास माणसं. निम्म्या गावांत फुकट मास्क वाटले, माहिती दिली, मशिदीच्या इमामांना आणि गावच्या पुढाऱ्यांना लावायला सांगितलं, आणि बाजारात माणसं उभी केली. विनामास्क कोणी दिसला की ती माणसं शांतपणे मास्क पुढे करायची. मास्कचा वापर १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह होणारी लागण सुमारे ११ टक्क्यांनी कमी झाली, साठीपुढच्यांत सुमारे ३५ टक्क्यांनी. कापडी मास्कचा इतका ठाम परिणाम दिसला नाही.

पण तुमच्या कामाचं पुढे आहे. मोबाइलवर संदेश पाठवून बघितले, घरावर "आम्ही मास्क लावतो" अशी पाटी लावून बघितली, गावाला बक्षीस देऊन बघितलं. त्याने वापर आणखी काही वाढला नाही. वाढला तो समोर उभं राहून हातात मास्क देणाऱ्या माणसामुळे. त्याच्या हातात पावतीपुस्तक नव्हतं.

---

शनिवारवेस | ३० नोव्हेंबर २०२१, दुपारी ३.०१

म्हणजे सगळं करूनही ५८ टक्के लोकांनी लावला नाहीच. हे मी अधोरेखित करून ठेवतो.

---

गावठी_डॉक्टर | ३० नोव्हेंबर २०२१, दुपारी ३.१५

ठेवा. खरंच आहे ते.

---

लोकलवाली | ३० नोव्हेंबर २०२१, संध्याकाळी ६.५०

मुंबईचं ऐका. आमच्याकडे क्लीन-अप मार्शल, दंड २००. स्टेशनबाहेर मार्शल उभा असला की दहा फूट अलीकडे सगळे हात एकदम वर जातात, कवायत असल्यासारखे. दहा फूट पुढे गेले की सगळे मास्क परत खाली. गेल्या वर्षी ऑक्टोबरात अंधेरीकडे दंड न भरणाऱ्यांच्या हातात झाडू दिला होता. माझ्या ऑफिसातला एक जण तासभर रस्ता झाडून आला. दुसऱ्या दिवशी मास्क लावून आला का? नाही. २०० रुपये सुटे घेऊन आला.

त्याच महिन्यात सरकारने मास्कचे भाव बांधून दिले, तीन पदरीचा ४ रुपये, एन-९५चे १९ ते ४९. त्याआधी आमच्या नाक्यावर दहाला एक मिळायचा, नंतरही दहालाच मिळत होता. फक्त दुकानदार "हा इम्पोर्टेड आहे" म्हणायला लागला.

तागडी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: गिऱ्हाईक म्हणून मी काउंटरमागच्या माणसाचं तोंड बघते. त्याने लावला असेल तर मी नाकावर ओढून घेते. नसेल तर मीही सैल सोडते. आता लेस्टरकरांचं वाचून कळलं की मी एकटी नाही.

---

राईनकाठ | ३० नोव्हेंबर २०२१, रात्री ११.३०

सांगावं की नाही याचा विचार करत होतो. हसतखेळत चाललेला धागा आहे.

मी जर्मनीत राईनलांड-फाल्त्स राज्यात राहतो. इथे दुकानात सर्जिकल किंवा एफएफपी-२च (आपल्या एन-९५सारखा) लागतो, कापडी चालत नाही. बायर्न राज्यात तर जानेवारीत एफएफपी-२ सक्तीचा केला. लोक शिस्तीचे वगैरे, ते खरं आहे.

१८ सप्टेंबरला आमच्याच राज्यातल्या इडार-ओबरश्टाइन गावात पेट्रोल पंपावर एक माणूस बिअर घ्यायला आला. मास्क नव्हता. काउंटरवर वीस वर्षांचा मुलगा होता, शिकत होता आणि जोडीला नोकरी करत होता. त्याने नियमाप्रमाणे माल दिला नाही. माणूस निघून गेला. दीडेक तासाने परत आला, या वेळी मास्क लावून. काउंटरशी येऊन मास्क खाली ओढला. मुलाने परत टोकलं. माणसाने पिस्तूल काढून त्याच्या डोक्यात गोळी घातली.

अमेरिकेत मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात मे २०२०मध्ये असंच झालं होतं, तिथे दुकानाचा सुरक्षारक्षक गेला.

माझी बायको बेकरीत काम करते. त्यानंतरच्या सोमवारी ती कामावर गेली तेव्हा मी तिला म्हणालो, कोणाला टोकू नकोस, पाव दे आणि सोडून दे. ती म्हणाली, मग माझ्यामागे उभी असलेली सत्तर वर्षांची सहकारी आहे तिचं काय? मला उत्तर देता आलं नाही.

---

तागडी | १ डिसेंबर २०२१, सकाळी ७.१०

राईनकाठ, काल रात्री वाचलं आणि बाबांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. उठून शटर लागलंय का ते बघून आले.

शनिवारवेस, तुमचा मुद्दा मला बराचसा पटतो. पण आमच्या समोरचे कापडवाले काका एप्रिलमध्ये गेले. कुठून लागलं कोणाला माहीत, दुकानातच लागलं असं मी म्हणणार नाही. दिवसभर लोक यायचे, लग्नसराई होती, आणि काका कापड दाखवताना मास्क खाली घ्यायचे, कारण "तोंड दिसल्याशिवाय गिऱ्हाईक भाव करत नाही". त्यांच्या फळीवर अजून तो अर्धा उलगडलेला तागा आहे. त्यामुळे हॉटेलातल्या आठ पावलांवर मला हसू येतं आणि मधेच थांबतं.

---

शनिवारवेस | १ डिसेंबर २०२१, सकाळी ७.४४

समजलं. माझं १८९७ मागे घेत नाही, पण बाकीचं जरा हळू बोलतो.

---

फडताळ | १ डिसेंबर २०२१, सकाळी ११.२०

अवांतर: १९१८च्या फ्लूच्या साथीतही हेच झालं होतं. सॅन फ्रान्सिस्कोत मास्कची सक्ती झाली, आणि जानेवारी १९१९मध्ये तिथल्या लोकांनी चक्क अँटी-मास्क लीग काढली, सभा भरवल्या. शंभर वर्षांपूर्वी फेसबुक नव्हतं, तरी जमलं त्यांना.

---

तागडी | ६ डिसेंबर २०२१, रात्री ९.३५

अपडेट द्यायचं राहिलं होतं. आज परत बाजार होता.

डॉक्टरांचं बांगलादेश बाबांनी मनावर घेतलं. मास्कची पाटी उतरवली. दारात, जिथे केळीचे घड लटकवायचो त्या वायरला चिमट्यांनी मास्क टांगलेत, एकेक सुटा. पन्नासचं खोकं शंभरला मिळतं, म्हणजे नग दोन रुपये. बाबांचा हिशेब: दहा हजारांच्या दंडात पाच हजार मास्क येतात. पैसे घ्यायचे नाहीत, वहीत लिहायचे नाहीत. मी दाराशी उभी राहायचं आणि हातात द्यायचा, बोलायचं काही नाही.

पन्नासएक जण आले असतील. बहुतेकांनी घेतला आणि लावला, थोडे लाजल्यासारखे. दोघं म्हणाले, "आहे की आमच्याकडं," आणि खिशातून काढला. म्हणजे होता! एक बाई चार मागून घेऊन गेल्या. एका तरुण पोराने "लस घेतलीय मी" म्हणून नाकारला, मी आग्रह केला नाही, बाबांनी माल दिला.

अण्णा आले. मी मास्क पुढे केला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी बघितला, नीट घडी घातली आणि बंडीच्या खिशात ठेवला. म्हणाले, "नातवाला हुईल शाळंला." मग टॉवेल नाकावर घट्ट ओढला आणि तूरडाळ मागितली.

---

गावठी_डॉक्टर | ६ डिसेंबर २०२१, रात्री १०.००

अण्णांना त्या ५८ टक्क्यांत धरा. नातवाला ४२मध्ये.

---

मौनी | ७ डिसेंबर २०२१, सकाळी ८.५०

तागडी, वायरच्या शेजारी एक पाटी आणि खडूही टांगून ठेवशील का? आमच्यासारखं कोणी आलं तर.

---

तागडी | ७ डिसेंबर २०२१, सकाळी ९.०५

भाच्याची जुनी पाटी आहे माळ्यावर. आजच काढते.

---

लोकलवाली | २ एप्रिल २०२२, दुपारी १२.१५

धागा वर काढतेय. गुढीपाडव्याच्या शुभेच्छा! आजपासून राज्यातले सगळे निर्बंध गेले, मास्क ऐच्छिक. सकाळी श्रीखंड आणायला गेले. रांगेत अकरा जण, सहा जणांना मास्क होता. श्रीखंडवाल्याचा चेहरा दोन वर्षांनी पाहिला, त्याला मिशी आहे हे मी विसरलेच होते. तो मला ओळखेना. मी मास्क लावून दाखवला तेव्हा म्हणाला, "हां, अर्धा किलो आम्रखंड!"

---

खटपट्या | २ एप्रिल २०२२, दुपारी १.३०

आमच्या मालकांनी पाटी काढायला सांगितली. सेलोटेपचा चौकोन राहिलाय काचेवर, निघत नाही. मी दुकानात लावणारच आहे. दिवसभर खोकणारी माणसं समोर येतात, ती काय करोनाचीच असतात असं नाही.

---

लेस्टरकर | २ एप्रिल २०२२, संध्याकाळी ७.४०

आमच्याकडे २७ जानेवारीलाच गेला. काका अजून लावतात. त्यांना विचारलं तर म्हणतात, "बेटा, थंडीत नाक गरम राहतं." सूर्यफुलाच्या पट्ट्या मात्र काही जणांच्या गळ्यात अजून आहेत. म्हणजे ती माणसं खोटं बोलत नव्हती. मी त्यांच्याबद्दल मनात बरंच काही बोललो होतो.

---

शनिवारवेस | १८ फेब्रुवारी २०२३, रात्री १०.१०

धागा वर काढण्याचा मान या वेळी माझा. कॉक्रेनचा (वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणारी संस्था) आढावा आलाय, ७८ चाचण्या. समाजात मास्क वाटल्याने श्वसनाच्या आजारांत फारसा फरक पडलेला दिसत नाही, असं म्हणतायत. डॉक्टर, आहात का? मी नम्रपणे पेढे वाटतोय.

---

गावठी_डॉक्टर | १९ फेब्रुवारी २०२३, दुपारी २.०५

आहे. पेढा घेतो, पण अर्धाच. त्यातल्या बऱ्याच चाचण्या करोनाच्या आधीच्या, फ्लूच्या काळातल्या. आणि बहुतेकींमध्ये प्रश्न "मास्क अडवतो का" असा नसून "मास्क लावा असं सांगितल्याने लागण कमी होते का" असा आहे. तुमच्या ५८ टक्क्यांनी लावलाच नाही, तर मास्कने काय करावं? पुरावा कच्चा आहे, हे आढावा लिहिणारेही म्हणतात.

---

गावठी_डॉक्टर | १३ मार्च २०२३, रात्री ९.२०

शनिवारवेस, कॉक्रेनच्या मुख्य संपादकांनी परवा खुलासा केलाय. "मास्क चालत नाहीत असं सिद्ध झालं" हा अर्थ चुकीचा आहे, निष्कर्ष अनिर्णित आहेत, असं म्हणतायत. म्हणजे तुमचंही सिद्ध नाही आणि माझंही पूर्ण नाही. उरलेला अर्धा पेढा परत पाठवू का?

---

शनिवारवेस | १३ मार्च २०२३, रात्री ९.४१

ठेवा. "आम्हाला नक्की माहीत नाही" असं अधिकृतपणे कोणीतरी म्हणालं, माझा तेवढाच आग्रह होता. तीन वर्षं लागली.

तागडीताई, त्या वायरीचं काय झालं?

---

तागडी | १४ मार्च २०२३, सकाळी ७.२५

वायरीला परत केळी आहेत. पाटी-खडू तिथेच आहे, कारण गावात दोघं जण ती खरंच वापरतात. ते आधी दुकानात यायचेच नाहीत, दुसऱ्याला पाठवायचे, हे आम्हाला नंतर कळलं.

मास्कची दीड खोकी उरली होती. सध्या उन्हाळ्याच्या वर्षभराच्या तिखटाचे दिवस आहेत, बाबा लवंगी आणि ब्याडगी मोजताना न चुकता लावतात, नाकावर, नीट, पट्टी दाबून. हनुवटीला नाही. परवा अण्णा मिरची घ्यायला आले, बाबांकडे बघून म्हणाले, "आता का रं, आता काय झालंय?" आणि मिरचीचा खकाणा उडाला तसे दोन शिंका देऊन हात पुढे केला. मी एक दिला. या वेळी लावला.

चौदा हजार फिटले. आता नऊ आहेत.